आखाड्यावरचा रेडिओ: नांदेड-लातूरकडील मध्यम लहरींचा इतिहास

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत शेतातल्या आखाड्यांवर, किराणा दुकानांत, शिंप्याच्या मशीनशेजारी मध्यम लहरींचा रेडिओ अजून ऐकला जातो. हवे ते गाणे हव्या त्या वेळी मोबाइलवर मिळत असताना खरखरीसह येणारा हा आवाज कसा टिकला, असे विचारले की जुन्या पिढीची सवय हे उत्तर मिळते. ते अपुरे आहे. या भागाचा राजकीय इतिहास, गावांमधली अंतरे, विजेची तऱ्हा आणि शेतीकामाच्या वेळा यांच्याशी या लहरींचे नाते जुळत गेले. टिकावाचे कारण तिथे आहे.

या मुलखात रेडिओ आला तो हैदराबादहून. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा नांदेड हे निजामाच्या राज्यातले जिल्ह्याचे ठिकाण होते आणि लातूर ही उस्मानाबाद जिल्ह्यातली व्यापारपेठ. हैदराबादेत टपाल खात्यात नोकरी करणारे महबूब अली यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्या हौसेने छोटे प्रक्षेपण सुरू केले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी निजाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि त्यातून डेक्कन रेडिओ उभा राहिला. त्याची मुख्य भाषा उर्दू. तेलुगू, मराठी आणि कन्नड यांच्या वाट्याला ठरावीक वेळ येई. औरंगाबादेतही संस्थानी काळातच एक केंद्र निघाले होते. फाळणीनंतर भारतात राहिलेल्या संस्थानी रेडिओ केंद्रांत हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदे यांच्या जोडीला त्याची गणना होते.

त्या काळी रेडिओ संच ही श्रीमंतांची आणि सरकारी कचेऱ्यांची वस्तू होती. तरीही राज्यकर्त्यांना तिचे मोल कळले होते. १९४७-४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जोर वाढला. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. त्या दिवसांत हैदराबादचा रेडिओ स्वतंत्र संस्थानाची बाजू मांडत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारत सरकारची पोलीस कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि ती जाहीर करण्यासाठी त्याला त्याच रेडिओचा आधार घ्यावा लागला. मराठवाडा ज्या दिवसाला मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, त्याची वार्ता अशी लहरींवरून पसरली. १९५० मध्ये संस्थानी केंद्रे भारत सरकारकडे आली. औरंगाबादचे जुने केंद्र मात्र त्याच दशकात बंद पडले. तिथले आजचे केंद्र १९७०च्या दशकातले आहे.

पुढची काही वर्षे हा प्रदेश आवाजाच्या दृष्टीने उपराच राहिला. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण घरोघर पोहोचत होते. १९५६ मध्येच युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. जगभरच्या ग्रामीण प्रसारणाच्या अभ्यासात या प्रयोगाचा आजही उल्लेख होतो. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने त्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मराठी कार्यक्रमांसाठी मुंबई, पुणे ही दूरची केंद्रे शोधत सुई फिरवावी लागे. हैदराबाद त्यांच्यापेक्षा जवळ होते आणि अधिक स्वच्छ लागे.

हा उपरेपणा परभणीने दूर केला. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले आणि १३०५ किलोहर्ट्झ ही जागा मराठवाड्याच्या रेडिओंवर कायमची झाली. जागेची निवड विचारपूर्वक ठरली: सरळ रेषेत नांदेड साठ किलोमीटरच्या आत, लातूर शंभराच्या आसपास. काळही अनुकूल होता. संकरित ज्वारीचे बियाणे नुकतेच शेतात येऊ लागले होते, रासायनिक खतांची मात्रा शिकायची होती आणि आकाशवाणीने १९६६ पासून केंद्रांवर शेतीसाठी स्वतंत्र विभाग उघडायला आरंभ केला होता. तमिळनाडूत तंजावरकडे रेडिओवरून प्रचार झालेल्या भाताच्या वाणाला शेतकरी ‘रेडिओ भात’च म्हणू लागले, इतका या माध्यमावर विश्वास होता. परभणीत कृषी महाविद्यालय होते आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कापसावरच्या किडीबद्दल बोलणारा माणूस आणि ध्वनिक्षेपक एकाच गावात असणे ही मोठी सोय होती. शेतीच्या जोडीला भारुडे, गवळणी, भजने आणि इकडच्या बोलीतल्या श्रुतिका आल्या. नांदेड-लातूरकडच्या माणसाला आपल्या वळणाचे बोलणे यंत्रातून ऐकू येणे ही या केंद्राची सर्वांत मोलाची देणगी मानली पाहिजे.

याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त झाला. त्याआधीच्या व्हॉल्व्हच्या संचाला वीज किंवा जड बॅटरी लागे, छपरावर तांब्याची जाळीदार एरियल ताणावी लागे आणि टपाल कचेरीत दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. ट्रान्झिस्टर दोन-तीन सेलवर चाले आणि खांद्याला अडकवून शेतात नेता येई. लग्नात जावयाला तो दिला जाई. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणूनही मिळे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवान्याची पद्धतही संपली.

मध्यम लहरी या भागात इतक्या रुजल्या, त्याला निसर्गाचेही साहाय्य आहे. दिवसा या लहरी जमिनीला धरून पसरतात. ओल धरून ठेवणारी काळी चिकणमाती त्यांना मुरमाड, खडकाळ जमिनीपेक्षा मानवते. टेकडी आडवी आली तरी त्या तिला वळसा घालतात. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे मनोऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर त्या विरू लागतात. नांदेडला १९९०च्या दशकारंभी आकाशवाणीचे एफएम केंद्र आले आणि शहराला नितळ आवाज मिळाला. पण त्याच जिल्ह्यातले किनवट नांदेडपासून शंभर किलोमीटरहून दूर, माहूरच्या डोंगरझाडीत आहे. रात्री चित्र आणखी पालटते. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून लहरी परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे लागतात. नागपूरहून १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावर १८ मे १९८८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी खास रात्रीसाठी होती.

रात्र इथे महत्त्वाची आहे, कारण शेतकऱ्याची रात्र झोपेची नसते. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असली की ऊस, गहू, हरभऱ्याला पाणी देण्यासाठी उठावेच लागते. पीक भरात आले की रानडुकरांपासून राखायला जागल करावी लागते. दोन्ही कामांत हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे. शिवाय माणसाचा आवाज चालू राहिला की जनावर बिचकते, म्हणून रेडिओ धुऱ्यावर लावून ठेवण्याची रीत आहे. करमणुकीसाठी बनवलेले दुसरे कोणतेही यंत्र राखणदाराचे इतके काम करत नाही.

विजेची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, मोटारी यांतून निघणारा विद्युत गोंगाट मध्यम लहरींवर थेट उमटतो. शहरातल्या घरात म्हणूनच हा रेडिओ ऐकवत नाही. उघड्या रानात हा गोंगाट नसतो, आणि वीज गेली की गावातही आवाज स्वच्छ होतो. २०००च्या दशकात मराठवाड्याने दिवसाचे अनेक तास भारनियमन सोसले; त्या काळात दूरचित्रवाणी बंद आणि रेडिओ सुरू हा घरोघरचा अनुभव होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपासारख्या आपत्तीतही याच गुणाला मोल असते: संच सेलवर चालतो आणि प्रक्षेपक पडझडीपासून दूर, दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

स्ट्रीमिंगला डेटा लागतो, मनोऱ्याची रेंज लागते आणि फोन चार्ज असावा लागतो. शिवाय तिथे प्रत्येक वेळी निवड करावी लागते. रेडिओवर सकाळी औरंगाबाद केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ठरल्या वेळी येतात आणि त्यांच्या मागेपुढे दूध काढणे, डबा भरणे, एसटी गाठणे बसलेले असते. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने बातम्यांची ही जागा आकाशवाणीकडेच राहिली.

तरी काही कामे मध्यम लहरींच्या हातून गेली आहेत आणि ती परत येण्यासारखी नाहीत. लातूरच्या मोंढ्यातला तूर-सोयाबीनचा भाव आता फोनवर मिनिटागणिक कळतो; संध्याकाळच्या बाजारभावांची वाट कोणी पाहत नाही. हवामानाचा इशाराही बहुधा व्हॉट्सॲपवर आधी पोहोचतो. प्रसार भारतीने गेल्या दशकात देशातले अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले, कारण उंच मनोरे, विस्तीर्ण जागा आणि विजेचे बिल परवडेनासे झाले. राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या सुमारास थांबली. काही प्रक्षेपक डिजिटल पद्धतीचे केले गेले, पण ते पकडणारे संच सामान्य शेतकऱ्याच्या बाजारात आलेच नाहीत. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. त्यांचा आवाका एखाद्या गावाच्या आसपासचा आहे. मोबाइलमध्ये मध्यम लहरी पकडण्याची सोय नाही, कारण त्यासाठी फेराइटची कांडी लागते आणि फोनचा स्वतःचा विद्युत गोंगाट तिला काम करू देत नाही. आकाशवाणीच्या ॲपवर अनेक केंद्रे मिळतात, पण तिथे पुन्हा डेटा आणि रेंजची अट येते. किनवटच्या खोऱ्यात आणि देगलूर, उदगीरच्या सीमेवरच्या शिवारांत म्हणून अजून सेलवर चालणारा संच विकत घेतला जातो, आणि त्यावर परभणीच्या बरोबरीने रात्री हैदराबादही लागते.