चिरनेरचा गोळीबार आणि चित्रपट

जालियनवाला बागेचा गोळीबार आजच्या पिढीनें पुस्तकापेक्षां पडद्यावरच अधिक पाहिला आहे. १९८२ सालीं निघालेल्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटांत शिपायांची रांग दिसते, डायरचा हुकूम ऐकूं येतो, आणि लागलीच चौकशी समितीपुढें त्याची जबानी सुरू होते. शूजित सरकार यांच्या 'सरदार उधम' या २०२१ सालच्या चित्रपटांत मात्र गोळीबारानंतरची रात्र आहे. एक तरुण गाड्यावरून जखमींना वाहून नेतो, पुन्हा परत येतो, आणि तें काम संपतां संपत नाहीं. पहिल्यांत गोळी झाडणारा लक्षांत राहतो. दुसऱ्यांत गोळी लागलेला. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण पेण-रोह्याकडील वाचकांच्या अगदीं शेजारीं, उरण तालुक्यांतील चिरनेर येथें, असाच एक दिवस उगवला होता.

१९३० च्या एप्रिलांत मिठाचा कायदा मोडला गेला. पुढें पावसाळा लागला. पावसांत मीठ पिकत नाहीं. तेव्हां चळवळ जंगलाकडे वळली. १० जुलै रोजीं बापूजी अणे यांनी पुसद येथें गवत कापून जंगलचा कायदा मोडला, आणि तें लोण कोलाबा जिल्ह्यापर्यंत आलें. येथें तो प्रश्न केवळ राजकीय नव्हता. भाताचें रोप करण्यापूर्वीं जमीन भाजावी लागते, आणि त्या राबाला झाडांचा टहाळ लागतो. चुलीला सरपण लागतें, गुरांना चारा लागतो. पेण व रोह्याच्या डोंगरांत वाड्या करून राहणाऱ्या कातकऱ्यांचें तर नांवच खैराच्या कातावरून पडलेलें. ज्याचें सारें जिणें रानावर, त्याला रानांत शिरणें हा गुन्हा ठरला होता.

२५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेरजवळील अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गांवांचे लोक कोयते घेऊन जमले. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, सरकारचे मामलेदार केशव महादेव जोशी हेही प्राणास मुकले. ते गोळीबारास राजी नव्हते, अशी आठवण या भागांत सांगतात.

या घटनेवर जो कोणी चित्रपट काढील, त्यास आमची एकच सूचना आहे. मामलेदारांचा मृत्यु गाळूं नये. तो गाळला म्हणजे कथा सोपी होते: एका बाजूस सरकार, दुसऱ्या बाजूस गांव. पण बंदूक एकदां सुटली म्हणजे ती कोणाची चाकरी कोण करतो हें पाहत नाहीं, हें सत्य त्या मृत्यूनेंच कळतें. यावर कोणी म्हणेल, सरकारी अधिकाऱ्यास आठांच्या पंक्तीस बसविल्यानें हुतात्म्यांचें तेज उणें होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट, त्यांस केवळ 'जमाव' म्हणून दाखविलें, तरच तें उणें होईल. गोळीबाराला थोडा वेळ पुरतो. राबाचा टहाळ तोडणारा हात, आणि संध्याकाळीं घरीं न आलेल्या माणसाची वाट पाहणारें दार, यांस मात्र चित्रपटांत बराच वेळ द्यावा लागेल. दिग्दर्शकाची कसोटी तेथें आहे.

चिरनेरच्या महागणपतीच्या देवळांत एका गजावर त्या दिवसाच्या गोळीची खूण दाखवितात. गांवांत हुतात्म्यांचें स्मारक आहे, आणि दर २५ सप्टेंबरला तेथें लोक जमतात. लोखंडावरची खूण राखण्यास फारसे श्रम पडत नाहींत. माणसांचीं नांवें राखण्यास पडतात. पडद्यानें तें काम अंगावर घ्यावयाचें असेल, तर आधीं त्या आठांस नांवानें हाक मारावी, आणि मगच बंदुकीचा आवाज ऐकवावा.