दुष्काळी मुलखाचे गलाईवाले

देशातील मोठ्या सराफ बाजारांत एखाद्या अरुंद बोळातील लहानशा दुकानात भट्टी, मुशी आणि आम्लाचा उग्र दर्प हमखास आढळतो. या दुकानाचा मालक बहुधा सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ किंवा सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या तालुक्यांतील असतो. जुने सोने-चांदी वितळवून त्यातील हिणकस भाग वेगळा करण्याचा हा व्यवसाय म्हणजे गलाई. आज हे तालुके दोन जिल्ह्यांत विभागलेले असले तरी मुलूख एकच. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. येरळा नदी मात्र खटावातून खानापुराकडे पूर्वीसारखीच वाहते, अर्थात पाऊस झाला तर.

घर सोडण्याचे कारण या पावसातच आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात आणि लगतच्या आटपाडीत ५०० मिलिमीटरच्या आसपास. जिरायती शेतीवर घर चालेना, तेव्हा घरातील एक जण बाहेर पडू लागला. गलाईत शिरलेली ही बहुतेक माणसे परंपरेने सोनार नव्हेत, ती शेतकरी कुटुंबांतील आहेत. हा व्यवसाय जातीने चालत आलेला नाही. तो नात्यागोत्यातून आणि गावकीतून पसरला. पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात राबायला जायचा, काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी पेटवायचा आणि गावाकडून आणखी एकाला बोलावून घ्यायचा. केरळपासून पंजाबपर्यंतची ही साखळी अशीच जोडली गेली.

काम कौशल्याचे आणि जोखमीचे आहे. प्रचलित पद्धतीत जुने दागिने मुशीत वितळवताना सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळतात. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि हे दाणे नायट्रिक अॅसिडमध्ये उकळतात. चांदी व तांबे विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. नवख्याला ती माती वाटावी, पण तेच शुद्ध सोने. भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की लगड तयार होते. उरलेल्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की विरघळलेली चांदी खाली बसते, तीही परत मिळते. सराफाच्या दुकानातील झाडलोटीची धूळसुद्धा गाळून त्यातून धातू काढला जातो. या सगळ्यात निघणारा लालसर पिवळा धूर फुप्फुसांना व दातांना घातक असतो आणि बोळातील दुकानात हवा खेळायला जागा नसते.

त्याहून मोठी धास्ती पोलिसांची. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू आहे. माल चोरीचा आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. पण मुशीत गेलेल्या दागिन्याला ओळख उरत नाही, आणि चोराने नाव घेतले की परप्रांतातील गलाईवाल्याची चौकशी सुरू होते. भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही; अशा वेळी नोंदवही आणि पावती हाच काय तो आधार. कलम ४११ च्या जाचातून सोडवावे, ही मागणी गलाई संघटनांनी वारंवार केली आहे.

हुन्नर घेऊन परमुलखी जाणाऱ्यांचा असाच इतिहास इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलचा आहे. तेथील कथिल आणि तांब्याच्या खाणी एकोणिसाव्या शतकात डबघाईला आल्यावर खाणकामगार ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेत गेले. १८८० च्या दशकात ते कोलारच्या सोन्याच्या खाणीतही उतरले. कॉर्नवॉलमधील शेवटची मोठी कथिलाची खाण १९९८ मध्ये बंद पडली. त्या खाणप्रदेशाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरविले आणि २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. धंदा गेल्यावर तेथे ओळख कागदावर आली. गलाईवाल्यांची भट्टी अजून पेटती आहे. त्यांची ओळख मात्र विट्याच्या बाजारात आणि गावच्या जत्रेत जितकी पक्की, तितकी सरकारदरबारी नाही.

जत्रेला गलाईवाला येतोच. एरवी कुलूपबंद असलेली घरे त्या चार दिवसांत उघडतात, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरते, सोयरिकी जमतात. परमुलखात वाढलेली मुले शाळेत तमिळ किंवा मल्याळम शिकतात, घरी माणदेशी बोलतात. मराठी लिहिणे अनेकांचे सुटले आहे. हे सुटणे जत्रेला येण्याने भरून निघणारे नाही.

अलीकडे दोन्ही टोकांना बदल झाला. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू योजना खानापूर-आटपाडीच्या शिवारात पोहोचली आणि पूर्वी ओसाड असलेल्या रानात ऊस, डाळिंब, द्राक्षे दिसू लागली. तिकडे १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंगची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, यंत्राने काही क्षणांत टंच कळू लागला आणि मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांची स्पर्धा वाढली. काही घरांत एक भाऊ पाणी आलेल्या शेतावर परतला आहे, दुसरा अजून दुकानात आहे, आणि पुढच्या पोराला भट्टीवर पाठवायचे की नाही यावर दोघांत एकमत नाही.