यंत्रणा नवी, दप्तर जुने

शाळेतल्या संगणकात निकाल, पटाच्या याद्या, सहलीची छायाचित्रे साठलेली असतात. त्यातली लिनक्स ही कार्यप्रणाली बिघडली आणि ती पुन्हा बसवायची ठरली, की गुरुजींच्या काळजात धस्स होते. सारे दप्तर पुसले जाणार की काय? तसे होऊ नये याची सोय फार पूर्वीच झाली आहे, आणि ती झाली टंचाईतून.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. १९७४ च्या त्यांच्या निबंधात नोंद आहे, की मूळ प्रणालीच्या डिस्कवर जेमतेम दहा लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तीत मावणे कठीण! म्हणून वापरणाऱ्यांच्या फायली दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर ठेवून ती मूळ झाडाला फांदीसारखी जोडत. त्या फायलींच्या फांदीचे नाव ‘यूएसआर’, म्हणजे वापरणारा. पुढे प्रणालीचेच प्रोग्रॅम तिथे येऊन बसले, आणि मूळ बिऱ्हाडकरूंना ‘होम’ हे नवे घर मिळाले.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तो युनिक्सचाच घाट समोर ठेवून. १९९४ साली लिनक्सच्या फायलींच्या मांडणीचे नियम निघाले. त्यांतही ‘होम’ आहेच.

आता याचा उपयोग पहा. धान्याची कणगी वेगळ्या खोलीत असली, की माजघराची कौले खुशाल उतरवता येतात. तसेच, ‘होम’साठी डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, राखलेले असेल, तर प्रणाली बसवताना मूळ पार्टिशन तेवढे फॉरमॅट करावे. होमचे पार्टिशन ‘होम’ म्हणूनच जोडावे, पण त्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकटीत खूण करू नये. वापरणाऱ्याचे नाव पूर्वीचेच द्यावे. कागदपत्रे, फोटो, एवढेच नव्हे तर तुमच्या आवडीच्या मांडण्याही परत दिसतील. वरून घेतलेले प्रोग्रॅम मात्र पुन्हा बसवावे लागतील.

तरीही एक नक्कल आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवाच. चुकीच्या चौकटीवर बोट पडायला कितीसा वेळ लागतो? आणि होम वेगळे नसेल, तर नक्कल झाल्यावाचून कामाला हातच लावू नका. यंत्रणा पुन्हा मिळते; मुलांचे निकाल पुन्हा कुठून आणणार?