तालिकापत्राचा प्रवास : खणातून फितीवर, फितीवरून फायलीत

जुन्या ग्रंथालयांत दाराजवळ एक लाकडी कपाट असे. त्याला अनेक छोटे खण आणि प्रत्येक खणात दाटीने उभी केलेली पत्रे. ही पत्रे साधारण साडेसात सेंटिमीटर उंच व साडेबारा सेंटिमीटर रुंद असत. तळाशी एक भोक आणि त्यातून ओवलेली लोखंडी सळई, म्हणजे कोणी पत्र उपसून नेऊ नये. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे आणि पुस्तक कोणत्या फडताळात आहे ती खूण, एवढा मजकूर त्या पत्रावर मावे. आता प्रश्न असा की एकच पुस्तक जर पाचशे ग्रंथालयांत असेल, तर हा मजकूर पाचशे माणसांनी पाचशे वेळा का लिहावा? एकाने लिहावा आणि इतरांनी उचलावा! ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट साधायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती अजूनही पुरती साधलेली नाही.

पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स ज्युएट यांचा. १८५० च्या सुमारास त्यांनी सुचवले की प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचा स्वतंत्र छपाईचा ठसा करून ठेवावा. ज्या ग्रंथालयाला आपली यादी छापायची असेल त्याच्यासाठी हवे तेवढे ठसे निवडून ओळीने लावावेत, झाली यादी तयार. कल्पना फार पुढची होती. घात केला तो ठशांच्या पदार्थाने. हे ठसे मातीच्या मिश्रणाचे होते आणि ते वाकत, आक्रसत. लोकांनी त्या यादीला ‘चिखलाची यादी’ असे नाव ठेवले आणि योजना बारगळली. १९०१ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने छापील पत्रे विकायला सुरुवात केली, तेव्हा ज्युएट यांचे स्वप्न वेगळ्या रूपात खरे झाले. पत्राचे माप सगळीकडे एकच असल्याने वॉशिंग्टनचे पत्र कोणाच्याही खणात बसे. पण पत्र वाचणारा माणूसच होता. ‘हे लेखकाचे नाव, हे शहराचे’ हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

संगणकाला मात्र ते सांगावे लागते. इथे आपल्या कथेत हेन्रिएट अव्रॅम येतात. जन्म १९१९, न्यूयॉर्कचा. त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली नव्हती. त्या संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या. १९६५ साली त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या आणि ग्रंथपालांना शेजारी बसवून पत्रावरच्या प्रत्येक घटकाचा अर्थ विचारू लागल्या. हे नाव इथे का? इथे स्वल्पविराम का? हा कंस कशासाठी? शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याच्या प्रश्नांमुळे स्वतःचाच विषय नव्याने कळतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. त्या ग्रंथपालांचेही तसेच झाले असावे. १९६६ च्या अखेरीस सोळा ग्रंथालयांना चुंबकीय फितींवर नोंदी पाठवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यातून शिकून १९६८ मध्ये सुधारित आराखडा ठरला आणि १९६९ च्या मार्चपासून फितींचे नियमित वितरण होऊ लागले. या आराखड्याचे नाव ‘मार्क’, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी तालिका.

त्याची रचना जरा थांबून पाहण्यासारखी आहे. पुस्तकांच्या नोंदी लहानमोठ्या असतात. एकाचे शीर्षक दोन शब्दांचे, दुसऱ्याचे चार ओळींचे. प्रत्येकाला सारखीच जागा दिली तर फीत वाया जाते, आणि त्या काळी फितीवरची जागा महाग होती. अव्रॅम यांच्या आराखड्यात नोंदीचे तीन भाग होते. आरंभी २४ अक्षरांचा ठरीव भाग. त्यात संपूर्ण नोंदीची लांबी पाच अंकांत लिहिलेली. मग एक अनुक्रमणिका. आणि शेवटी खरा मजकूर, सलग. अनुक्रमणिकेतली प्रत्येक ओळ बरोबर बारा अंकांची असते. उदाहरणार्थ २४५००३१०००४२. हे असे वाचायचे : पहिले तीन अंक २४५, म्हणजे ‘शीर्षक’. पुढचे चार अंक ००३१, म्हणजे त्याची लांबी ३१ अक्षरे. शेवटचे पाच अंक ०००४२, म्हणजे मजकुराच्या आरंभापासून ४२ अक्षरे सोडून ते सुरू होते. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. लेखकाचे नाव १०० या क्रमांकाखाली, विषय ६५० खाली. शीर्षकाच्या क्षेत्राला तर आणखी एक लहानसा अंक जोडलेला असतो : वर्णानुक्रम लावताना आरंभीची किती अक्षरे सोडायची. इंग्रजी शीर्षक ‘द’ ने सुरू झाले तर तिथे ४ लिहितात, म्हणजे त्या शब्दाची तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा. माणूस हे नकळत करतो. यंत्राला एक अंक द्यावा लागतो.

हीच रचना १९७१ मध्ये अमेरिकेचे आणि १९७३ मध्ये आयएसओ २७०९ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. भारतात ती अनेकांच्या परिचयाची झाली ती युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या विनामूल्य प्रणालीमुळे. ती लहान संगणकांवर १९८५ च्या अखेरपासून मिळू लागली आणि आपल्याकडे निस्सॅटमार्फत वाटली गेली. पण इथेच एक धडा मिळाला. आयएसओ २७०९ फक्त लिफाफा ठरवते, पत्राची भाषा नाही. आयसिसबरोबर येणाऱ्या नमुना संग्रहात शीर्षकाचा क्रमांक २४ आणि लेखकाचा ७० होता. मार्कमध्ये तेच २४५ आणि १००. कित्येक ग्रंथालयांनी तर स्वतःचेच क्रमांक बसवले. लिफाफा सुखरूप पोचे, पण आत लेखकाच्या जागी किंमत निघे. म्हणून दोन ग्रंथालयांना आधी ‘तुमचे २४ म्हणजे आमचे २४५’ असा तक्ता करावा लागे.

दरम्यान संशोधकांच्या टेबलावर वेगळीच सोय वाढत होती. शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भ द्यायचे, तर नोंदी स्वतःच्या संगणकावर हव्यात. १९८५ मध्ये ओरेन पाटाश्निक यांनी बिबटेक्स तयार केले. आरआयएस या आराखड्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते : ‘एयू’ म्हणजे लेखक, ‘टीआय’ म्हणजे शीर्षक, ‘पीवाय’ म्हणजे वर्ष, आणि नोंद संपली की ‘ईआर’. मार्कच्या मानाने हे फारच सुटसुटीत, आणि म्हणून गळतीही जास्त. वर्णानुक्रमासाठीचा तो ४ हा अंक ठेवायला इथे जागाच नाही. श्रीमंत आराखड्यातून गरीब आराखड्यात नोंद गेली की जे हरवते, ते परतीच्या प्रवासात मिळत नाही.

यात व्यापारही होता. सप्टेंबर २००८ मध्ये थॉमसन रॉयटर्सने जॉर्ज मेसन विद्यापीठावर खटला भरला. विद्यापीठाने २००६ पासून झोटेरो ही विनामूल्य प्रणाली चालवली होती आणि ती एंडनोटच्या शैली-फायली वाचू शकेल अशी सोय केली होती. दावा एक कोटी डॉलरचा. जून २००९ मध्ये तो न्यायालयात निकाली काढण्यात आला. संदर्भांची मांडणी कशी करायची हे सांगणाऱ्या त्या फायली. त्यांच्यासाठी एवढी रक्कम! आपलाच संग्रह दुसरीकडे न्यायचा रस्ता कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न त्यामागे होता.

जोडलेल्या फायलींचे दुखणे आणखी निराळे. मार्कची नोंद जास्तीत जास्त ९९,९९९ अक्षरांची, कारण लांबीला पाचच अंक. तिच्यात पुस्तक कसे मावणार? तिथे ८५६ या क्षेत्रात फक्त पत्ता देतात. आरआयएसमध्येही ‘एल१’ या खुणेपुढे फाइल नसते, फाइल कोठे आहे ते लिहिलेले असते. तो पत्ता तुमच्या संगणकातल्या एखाद्या कप्प्याचा असेल, तर दुसऱ्या संगणकावर नोंद पोचते आणि लेख मागे राहतो. म्हणून नेताना फायलींचा वेगळा कप्पा नोंदींबरोबर घ्यावा, आणि पत्ता त्या कप्प्याच्या संदर्भाने लिहिलेला असावा. काही प्रणालींत तर तुम्ही लेखावर ओढलेल्या रेघा लेखाच्या फायलीत नसतातच. त्या प्रणालीच्या पोटात असतात.

आता आपल्या पुस्तकांकडे येऊ. पीएल ४८० हे नाव जुन्या पिढीला गव्हामुळे आठवते. त्याच कायद्याखाली साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांची पुस्तके अमेरिकेतल्या विद्यापीठांना जाऊ लागली. शिकागोला मराठी पुस्तके पोचली ती अशी. नोंदी मात्र रोमन लिपीत, कारण मार्कच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नव्हती. पुढे अरबी, हिब्रू, चिनी, जपानी यांची सोय झाली, तरी देवनागरीला युनिकोड येईपर्यंत थांबावे लागले. लिप्यंतरात दीर्घ स्वरावरची रेघ आणि ‘ळ’, ‘ण’ यांखालचे टिंब वाटेत गळले, तर ‘काळ’ आणि ‘काल’ एकच होतात. शोधणाऱ्याला मग पुस्तक असूनही मिळत नाही. इकडे आपणही फार शहाणपणा केला नाही. युनिकोडआधी ज्याने त्याने आपापल्या फाँटमध्ये मराठी टंकले. तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘पुणे’ च्या जागी नुसता कचरा दिसे. युनिकोडमध्ये ‘पुणे’ हे प, उकार, ण, एकार अशा चार चिन्हांचे आहे, आणि रूढ यूटीएफ-८ पद्धतीत त्याला १२ बाइट लागतात. मार्कच्या अनुक्रमणिकेतली लांबी अशा वेळी बाइटमध्ये मोजतात. जो कार्यक्रम ती अक्षरांत मोजतो, त्याच्यात पुढची सगळी क्षेत्रे सरकतात आणि लेखकाच्या नावाचा शेपूट शीर्षकाला चिकटतो.

आपल्या शाळेची ग्रंथयादी नव्या प्रणालीत न्यायची असेल, तर सगळी एकदम नेऊ नये. दहा नोंदी निवडाव्यात : एक जोडाक्षरांनी भरलेली, एक दोन लेखकांची, एक लेखकाचे नाव नसलेली, एक जोडलेल्या फायलीची. त्या बाहेर काढून फाइल साध्या लेखन-कार्यक्रमात उघडावी आणि ओळीने वाचावी. मग नव्या प्रणालीत घालून पुन्हा बाहेर काढावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. नववी-दहावीच्या मुलांना हे काम द्यावे. जुनी फाइल मात्र पुसू नये.