पाच-तीन-दोन : डाव आणि हातांचा हिशेब

चौघे जमले तर मेंढीकोट, तिघेच असले तर पाच-तीन-दोन. बेळगाव-निपाणीकडच्या घरांत गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पत्ते निघाले की या डावाची आठवण होतेच. खेळ सोपा आहे. वाद होतात ते हिशेबावरून. म्हणून नियम एकत्र दिले आहेत.

पाने : ५२ पानांतून दुर्री ते छक्की ही २० पाने आणि चौकट व किलवरची सत्ती काढावी. उरतात ३०. इस्पिक व बदामची सत्ती राहते. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी असे उतरत्या क्रमाने.

वाटणी : पत्ते पिसून, काटून प्रत्येकाला आधी पाच पाने द्यावीत. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा ती पाच पाने पाहून हुकूम बोलतो. नंतर उरलेली पाच-पाच पाने वाटावीत. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, त्याच्या पुढच्याने तीन आणि वाटणाऱ्याने दोन.

खेळ : पहिली उतारी हुकूम बोलणाऱ्याची. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकावा लागतो. नसेल तर हुकूम मारावा किंवा दुसरे पान टाकावे. हात जिंकणारा पुढची उतारी करतो. डाव संपला की वाटणी उजवीकडे जाते. म्हणजे पाचवाला दोनवर, दोनवाला तीनवर आणि तीनवाला पाचवर येतो.

देणे-घेणे : खरी गंमत इथे आहे. समजा पाचवाल्याने सात हात केले, तीनवाल्याने दोन आणि दोनवाल्याने एक. पाचवाल्याचे दोन हात जास्त झाले, इतर दोघांचा एकेक कमी पडला. पुढच्या डावात हुकूम बोलून सर्व पाने वाटल्यावर तो दोघांच्या हातातले एकेक पान न बघता ओढतो आणि प्रत्येक पानाच्या बदल्यात आपल्याकडचे नको असलेले पान परत देतो. त्यात एक्का गेला तरी तक्रार नाही.

दोघांचे घेणे एकाकडून असेल तर आधी कोणी ओढायचे, हे डाव सुरू होण्यापूर्वी ठरवावे. कारण पहिल्याने परत दिलेले हलके पान दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकते. काही घरांत ओढलेल्या पानाच्याच रंगाचे पान परत देण्याची अट असते. तीही आधी ठरवावी.

बेरीज : कागदावर प्रत्येक डावाचे जास्त-उणे मांडावे. वरच्या डावात +२, −१, −१. तिघांची बेरीज शून्यच येते, कारण हात एकूण दहाच असतात. शून्य आले नाही तर हात मोजण्यात चूक आहे. तीन डावांत प्रत्येकाची पाच, तीन, दोन अशी पाळी एकदा होते, म्हणून खेळ तीनच्या पटीत, सहा किंवा नऊ डावांवर थांबवावा. मधेच उठल्यास ज्याची पाचची पाळी राहिली त्याच्यावर अन्याय होतो.

शब्दांचा घोळ : आपल्या भागात एका चटईवर दोन-तीन भाषा बसतात. कन्नडमध्ये ‘इस्पीट’ म्हणजे पत्ते, मराठीत इस्पिक हा एक रंग. हिंदीत ‘हुकुम’ म्हणजे इस्पिक, आपला हुकूम कोणत्याही रंगाचा. त्यामुळे हुकूम बोलताना त्या रंगाचे एखादे पान बाजूच्या गठ्ठ्यातून काढून सर्वांसमोर ठेवावे.

पैसे न लावताही हा डाव रंगतो, कारण उधारी हातांची असते. वजाबाकी शिकणाऱ्या मुलांकडे कागद-पेन्सिल द्यावी. मोठ्यांची चूक ती लगेच पकडतात.