संवाहकाची विद्या

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकांत द्यूतांत हरलेला एक मनुष्य वसंतसेनेच्या घरीं आश्रयास येतो. अंग चोळणें हा त्याचा धंदा. त्या धंद्याच्या नांवानेंच नाटककार त्याला ओळखतो, 'संवाहक'. वसंतसेना त्याच्या कलेच्या नाजुकपणाची वाखाणणी करते, तेव्हां तो खिन्नपणें म्हणतो कीं, कला म्हणून जी शिकलों ती आतां पोट भरण्याचें साधन होऊन बसली आहे. एका प्राचीन धंद्याची सगळी व्यथा या एका उत्तरांत सांठविलेली आहे. चरकानें दिनचर्येंत अभ्यंगाला मानाचें स्थान दिलें. तेलाच्या योगानें घडा, कातडें आणि गाड्याचा आंस टिकतो तसें शरीर टिकतें, असा दृष्टांतहि दिला. परंतु ज्या हातांनीं तें तेल जिरवावयाचें त्या हातांना समाजांत मान मिळाला नाहीं. हाताच्या विद्येला प्रतिष्ठा कशी मिळते, आणि ती मिळवितांना काय मोजावें लागतें, हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाहीं. त्याचें उत्तर शोधावयास गतशतकापूर्वींच्या लंडनकडे वळणें सोयीचें होईल.

युरोपांत अंगमर्दनाला शास्त्राचें रूप एकोणिसाव्या शतकांत आलें. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि तींत रोगनिवारक व्यायामासहि जागा दिली. पुढें आम्स्टर्डॅमच्या डॉ. मेट्सगर यानें चोळणें, रगडणें, थोपटणें अशा क्रियांची व्यवस्था लावून त्या वैद्यकाच्या कक्षेंत आणल्या. परंतु या विद्येला खरी मागणी निर्माण केली ती फिलाडेल्फियाच्या डॉ. वेअर मिचेल यानें. १८७७ च्या आपल्या पुस्तकांत त्यानें मज्जादौर्बल्यावर 'विश्रांति-चिकित्सा' सांगितली : रुग्णाला आप्तेष्टांपासून दूर, कित्येक आठवडे अंथरुणावर पडून ठेवावें आणि भरपूर दूध पाजावें. हालचाल बंद झाली म्हणजे स्नायु दुबळे होणार. म्हणून त्यांना दुसऱ्याच्या हातून व्यायाम घडवावयाचा, तो मर्दनानें. ही चिकित्सा इंग्लंडांत पोंचली, आणि तिच्या रुग्ण बहुतेक सुखवस्तु स्त्रियाच असल्यामुळें शिकलेल्या मर्दनकर्त्रींची गरज एकाएकीं वाढली.

जेथें गरज वाढते आणि कसोटी नसते तेथें खोटें नाणें लवकर चालूं लागतें. थोड्या आठवड्यांत विद्या पढविण्याचें आमिष दाखवून फी उकळणाऱ्या शाळा लंडनांत निघाल्या. शिकण्यासाठीं कर्ज काढलेल्या तरुण मुलींना प्रमाणपत्र मिळे, पण काम मिळत नसे. आणि मग तें कर्जच त्यांच्या गळ्यांतला फांस होई. मर्दनगृहाची पाटी लावून आंत वेश्याव्यवसाय चालविणारे लोक अशा मुलींची वाटच पाहात असत. १८९४ मध्यें ब्रिटिश वैद्यकसंघाच्या मुखपत्रानें हा प्रकार चव्हाट्यावर मांडला तेव्हां एकच गहजब उडाला. 'मसाज' हा शब्द सभ्य घरांत उच्चारणें कठीण झालें, आणि रुग्णालयांतून प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या परिचारिकांच्या अब्रूलाहि त्याची झळ पोंचली.

अशा वेळीं त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. तो बदनाम शब्द टाकून देऊन परिचर्येच्या पदराआड लपावें हा एक. आणि तो शब्दच धुऊन स्वच्छ करावा हा दुसरा. रोझालिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली व मार्गारेट पामर या चौघींनीं दुसरा मार्ग धरला, आणि १८९४ सालींच प्रशिक्षित मर्दनकर्त्रींची संस्था स्थापन केली. ज्या काळीं इंग्लंडांत स्त्रीला पार्लमेंटसाठीं मत देण्याचा अधिकार नव्हता, त्या काळीं चार परिचारिकांनीं परीक्षा घेणारें, प्रमाणपत्र देणारें आणि नियम मोडणारीला दूर करणारें एक मंडळ उभें केलें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

त्यांचे नियम थोडे पण कडक होते. वैद्याच्या सांगण्यावांचून कोणावरहि उपचार करावयाचा नाहीं. पुरुषांचें सर्वांगमर्दन, वैद्यानें एखाद्या विशेष प्रसंगीं सांगितल्याखेरीज, करावयाचें नाहीं. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कोठेंहि जाहिरात द्यावयाची नाहीं. रुग्णाला औषधें विकावयाचीं नाहींत. यांतला प्रत्येक नियम त्या बदनामीच्या एकेका वाटेवर घातलेला अडसर होता, हें सहज ध्यानीं येईल. आणि या सर्वांच्या मुळाशीं परीक्षा होती. शरीररचनेचें ज्ञान लेखी उत्तरांत दाखवावयाचें आणि हाताचें कौशल्य परीक्षकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावयाचें. ज्या प्रमाणपत्राचा बाजार झाला होता, त्याच प्रमाणपत्राला त्यांनीं किंमत आणून दिली.

हें करतांना त्यांना काय द्यावें लागलें? स्वातंत्र्याचा मोठा भाग. रोगाचें निदान कोणीं करावें आणि उपचार कोणीं सांगावा, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर 'वैद्यानें' असें त्यांनीं आपल्या हातानें लिहून दिलें. वैद्यवर्ग त्यांना अनुकूल झाला त्याचें हें एक मोठें कारण होय. कोणी म्हणेल, ही दास्याची सनद झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या अब्रूवर चहूंकडून घाला पडला आहे त्यानें प्रथम घराला भिंत घालावी. खिडक्या पुढें पाडतां येतात. मात्र भिंत घालणारांच्या मुलानातवंडांना त्या खिडक्या पाडण्यास फार वर्षें खपावें लागतें, हेंहि खरें आहे.

१९१४ चें महायुद्ध आलें आणि या विद्येची सार्वजनिक परीक्षा झाली. अल्मेरिक पॅजेट दंपतीनें प्रारंभीं पन्नास प्रशिक्षित मर्दनकर्त्रींचें पथक सरकारच्या स्वाधीन केलें. गोळ्यांनीं स्नायु व मज्जातंतु तुटलेल्या सैनिकांवर उपचार करतांना पुरुषाच्या देहाला हात न लावण्याचा जुना संकोच आपोआप गळून पडला. १९२० मध्यें संस्थेला राजाची सनद मिळाली, आणि तिचें सभासदत्व पुरुषांनाहि खुलें झालें. लढाईंत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं आर्थर पिअर्सन यानें १९१५ मध्यें सेंट डन्स्टन्स हें आश्रयस्थान काढलें होतें. तेथूनहि कित्येक अंध सैनिक मर्दनाची विद्या शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

अंधाच्या हातीं ही विद्या सोंपविण्याची कल्पना इंग्लंडाला तेव्हां नवी होती. जपानला ती जुनी होती. सुगियामा वाइची (१६१० ते १६९४) हा स्वतः अंध. शोगुन त्सुनायोशीच्या आश्रयानें त्यानें येदो शहरांत अंधांना सूचिचिकित्सा व मर्दन शिकविणारी शाळा चालविली. अंधांचा स्वतंत्र संघ होता, त्यांत पायऱ्या होत्या, आणि पायरी चढण्यास पैसा व वर्षें दोन्ही लागत. १८७१ मध्यें मेइजी सरकारनें तो संघ मोडला, आणि शेंकडों अंधांचा आधार तुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलदारांनीं हे जुने उपचार बंद करण्याचा घाट घातला, तेव्हां अंध व्यावसायिकांनीं निकरानें विरोध केला. १९४७ च्या कायद्यानें त्यांचा धंदा परवान्याच्या बंधनांत पण सुरक्षित राहिला. लंडनांत परीक्षेनें अब्रू राखली. जपानांत शिक्षणानें भाकर राखली. दोहोंचा पाया एकच : हाताचें कौशल्य हें शिकण्याची, शिकविण्याची आणि पारखण्याची वस्तु आहे, ही श्रद्धा.

आतां एक विसंगति सांगितल्याविना राहवत नाहीं. दुसरें महायुद्ध चालूं असतांनाच लंडनच्या त्या संस्थेनें आपल्या नांवांतून 'मसाज' हा शब्द काढून टाकला आणि 'फिजिओथेरपी' हा शब्द घेतला. विद्येचा विस्तार झाला होता, वीज, व्यायाम, जलोपचार तींत आले होते, हें कारण सबळच आहे. तरीहि चौघींनीं ज्या शब्दासाठीं झुंज घेतली तो शब्द अखेर पाटीवरून उतरलाच.

आमच्याकडे बाळबाळंतिणीला तेल लावणारी सुईण घरोघर येई. तान्ह्याच्या कोणत्या सांध्याला किती जोर सोसेल, हें तिच्या अंगठ्याला ठाऊक असे. चाळीस दिवस झाले म्हणजे खणनारळ देऊन आपण तिला निरोप देत असूं. पण तिला काय येतें हें विचारून लिहून ठेवण्याची बुद्धि आम्हां शिकलेल्यांपैकीं किती जणांना झाली? तिच्या हातांतलें चांगलें कोणतें आणि अपायकारक कोणतें याची निवड कोणी केली नाहीं, म्हणून चांगलें तें तिच्याबरोबर गेलें आणि वाईट तें मागें राहिलें. आज आपल्याकडे फिजिओथेरपीचीं महाविद्यालयें आहेत, पदव्या आहेत, आणि त्यांचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पदवीधर हाताला आपण जो मान देतों तो त्याच्या पदवीला देतों कीं त्याच्या हाताला, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें. संवाहकाची खंत कला पोटासाठीं विकावी लागली ही होती. पोटासाठीं राबणाऱ्या हातांतहि कला असते, हें ओळखणारा समाज त्याला भेटला असता, तर ती खंत त्याला वाटली नसती.