काचेचें कवच आणि क्ष-किरण

लोखंडावर गंज चढला कीं आपण हळहळतों. पण प्राणवायूच्या संगतीनें सिलिकॉनच्या अंगावर जी काचेची साय धरते, तिच्यावरच आजच्या गणकयंत्रांचा सारा संसार उभा राहिला आहे.

१९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत पहिला ट्रान्झिस्टर जन्मास आला, तो जर्मेनियमचा. जर्मेनियमचें भस्म पाण्यांत विरघळतें. त्याचें कवच टिकावें कसें? १९५५ सालीं त्याच प्रयोगशाळेंत फ्रॉश व डेरिक यांच्या भट्टींत हायड्रोजन अकस्मात् पेटला, पाण्याची वाफ झाली, आणि सिलिकॉनच्या चकत्यांवर काचेचा पातळ थर बसला. अपघातच तो, परंतु या थराखालीं सिलिकॉन सुरक्षित राहतें, हें त्या दोघांनीं ओळखलें. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील विद्युतीय दोषही या थरानें शांत होतात, असें मोहम्मद अटाला यांनीं पुढें दाखविलें.

आतां प्रश्न असा, कीं हें कवच किती जाड आणि तें नेमकें संपतें कोठें? डोळ्यांचें तें काम नव्हे. क्ष-किरण पदार्थावर पडले म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर फेंकले जातात. किरणाची शक्ति ठाऊक असते; सुटलेल्या इलेक्ट्रॉनची शक्ति मोजली, कीं तो अणूशीं किती घट्ट बांधलेला होता, तें वजाबाकीनें कळतें. स्वीडनमधील उप्साला येथें काई सीगबान यांनीं हें मापन १९५० नंतरच्या दशकांत कमालीचें सूक्ष्म केलें. १९८१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचे वडील मान्ने यांनाही क्ष-किरणांबद्दलच १९२४ सालचें तें पारितोषिक लाभलें होतें. अशीं घराणीं विरळा!

मौज अशी, कीं संगतीप्रमाणें अणूचें हें बंधन बदलतें. शुद्ध सिलिकॉनमधील एका इलेक्ट्रॉनचा आंकडा सुमारें ९९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. काचेंतल्या सिलिकॉनमध्यें तोच १०३ च्या आसपास जातो. शिवाय खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेंतच शक्ति गमावतात; खरी वार्ता घेऊन येतात ते वरच्या कांहीं नॅनोमीटरांतलेच. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा-लाखावा भाग. जाड वस्तूच्या अंतरंगाचा शोध घेणारास हें व्यंग वाटेल. पातळ कवचाच्या अभ्यासकास मात्र तें वरदान ठरलें. दोन्ही आंकड्यांच्या इलेक्ट्रॉनांचें प्रमाण पाहिलें, कीं कवचाची जाडी गणितानें निघते. १९८८ सालीं हिम्प्सेल व त्यांचे सहकारी यांनीं तर त्या सांध्यावर एक, दोन किंवा तीनच प्राणवायु-अणु जोडलेले सिलिकॉनचे अणुही वेगळे ओळखून दाखविले.

पुढें कवच इतकें पातळ झालें, कीं त्यांतून वीज झिरपूं लागली. म्हणून २००७ सालीं हॅफ्नियमयुक्त कवच बाजारांत आलें. तथापि त्याच्याखालींही सिलिकॉनच्या काचेचा एक अतिसूक्ष्म थर राहतोच, आणि तो मोजण्यास आजही क्ष-किरणच कामीं येतात.